ट्रिमर घेण्याआधी

वापरलेल्या काडतुसांच्या पितळी केसेस घरी पुन्हा भरायच्या असतील तर आधी लांबी मोजायला डिजिटल कॅलिपर घ्या, केस कापायच्या ट्रिमरचं नंतर बघू. .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाच्या केसची कमाल लांबी १.७६० इंच, कापून आणायची १.७५० वर. मोजायचं ते रिसाइझ केल्यावरच, म्हणजे केस डाय नावाच्या साच्यात दाबून मापात आणल्यावर, कारण डायमधून जाताना पितळ मानेकडे सरकून केस लांबते. ती लांब राहिली तर केसचं तोंड बंदुकीच्या चेंबरमध्ये बुलेटला आवळतं आणि दाब धोकादायक वाढतो.

तुम्ही पिस्तुलाची ९ मिमी काडतुसंच भरणार असाल तर एवढा खटाटोप सहसा लागतच नाही.

रायफलच्या महिन्याला पन्नासेक केसेस असतील तर ली कंपनीचा साधा गेज-कटर पुरे. लांबी गेजनेच ठरते, सेटिंगची भानगड नाही. ड्रिलला लावला की कामही झरझर होतं. हाताने फिरवायचा लेथसारखा ट्रिमर वेगवेगळ्या कॅलिबरना चालतो, पण दोनशे केसेसनंतर मनगट बोलायला लागतं. हजारांत काम असेल तरच जिरॉडसारखं मोटरचं मशीन: एकाच वेळी कापतं, आतून-बाहेरून कडाही साफ करतं. खरा वेळ त्या कडांतच जातो, हे मला उशिरा कळलं. हे मशीन केसच्या खांद्यावरून (मानेखालच्या उतारावरून) माप धरतं, म्हणून रिसाइझिंग एकसारखं हवं. त्यात ढिलाई केलीत तर महागडं मशीनही वेडीवाकडी लांबी देईल.

चष्मा लावा, पितळेचा कीस डोळ्यात उडतो. आणि हे सगळं इथलं, अमेरिकेतलं. भारतातल्या भावाला शिकवायला जाऊ नका, तिथे शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.