आधी नाकं मुरडणारे नंतर टाळ्या का वाजवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : देशात ऑलिंपिक किंवा फुटबॉलचा विश्वचषक होणार म्हटलं की वर्षानुवर्षं खर्चावरून ओरड होते, आणि स्पर्धा सुरू झाली की ओरडणारेच झेंडे घेऊन रस्त्यावर दिसतात. याला मनपरिवर्तन म्हणायचं, की दोन आठवड्यांची झिंग?

मला दोन्ही शब्द पटत नाहीत. अशा वेळी माणसाचं मत बदलण्यापेक्षा त्याच्यासमोरचा प्रश्न बदललेला असतो. आधी प्रश्न असतो, ‘यावर एवढा पैसा घालावा का?’ उद्घाटनाच्या दिवशी तो पैसा खर्च होऊन गेलेला असतो. तुम्ही दारं-खिडक्या लावून बसलात म्हणून त्यातला एक छदामही परत येणार नसतो. उरतो एवढाच प्रश्न, की आता दारात आलंच आहे तर बघायचं की नाही? पहिल्याला ‘नको’ म्हणणारा दुसऱ्याला ‘बघू की’ म्हणू शकतो. त्याने शब्द फिरवला असं मला वाटत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लंडनचं, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

६ जुलै २००५ रोजी सिंगापूरमध्ये २०१२च्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी लंडनचं नाव जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले, ५२ जणांचा बळी गेला. जल्लोषाला धड एक दिवसही मिळाला नाही. पुढे आला हिशेब. बोली लावताना २४० कोटी पौंडांच्या आसपासचा आकडा सांगितला होता, तो २००७ मध्ये ९३० कोटींवर गेला. त्याच वर्षी बोधचिन्ह आलं आणि त्या वेड्यावाकड्या तुकड्यांची देशभर टर उडाली. वर्षभरात जगावर आर्थिक मंदी कोसळली, सरकारी खर्चाला कात्री लागली, आणि ऑलिंपिकचं बिल मात्र तसंच.

२०१२च्या उन्हाळ्यात तर तक्रारींना रोज नवा विषय मिळत होता. पूर्व लंडनमधल्या एका निवासी टॉवरच्या गच्चीवर लष्कराने क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरवलं. रहिवासी कोर्टात गेले आणि हरले. ऑलिंपिकच्या गाड्यांसाठी रस्त्यांवर राखीव मार्गिका आखल्या गेल्या, त्यांना लोक ‘झिल लेन’ म्हणू लागले, सोव्हिएत पुढाऱ्यांच्या झिल मोटारींवरून. ऐन जुलैत सुरक्षेचं कंत्राट घेतलेल्या कंपनीने पुरेसे रक्षक पुरवता येणार नाहीत असं सांगून टाकलं आणि सुमारे साडेतीन हजार जादा सैनिक बोलवावे लागले. एवढं सगळं झाल्यावर शंका न येणाऱ्या माणसाचीच मला काळजी वाटली असती.

तरी वारं फिरलं. लोक याचं श्रेय थेट उद्घाटन सोहळ्याला देतात, पण सुरुवात त्याआधी झाली होती. १९ मे रोजी ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकावरून, लँड्स एंडहून, मशाल निघाली. सत्तर दिवस, सुमारे आठ हजार मशालवाहक. यातले बरेच जण अगदी साधे लोक होते : गावातल्या संस्थेसाठी राबणारे, आजारातून उठलेले, शाळकरी पोरं. जिथे ऑलिंपिकचा एकही सामना होणार नव्हता अशा गावांत लोक पावसात उभे राहिले. तोवर ‘लंडनवाल्यांची चैन’ असलेली गोष्ट आपल्या गल्लीतून पाच मिनिटांसाठी का होईना, जाऊन आली.

मग एका पाहुण्याने मदत केली, नकळत. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेले मिट रॉम्नी उद्घाटनाच्या तोंडावर लंडनला आले आणि तयारीतल्या काही गोष्टी काळजीत टाकणाऱ्या आहेत असं एका मुलाखतीत बोलून गेले. खरं तर ब्रिटिश वर्तमानपत्रं गेले कित्येक महिने याहून कितीतरी कडक भाषेत हेच लिहीत होती! पण आपल्या घराला आपण नावं ठेवणं वेगळं आणि पाहुण्याने ठेवणं वेगळं. लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी हाइड पार्कमधल्या गर्दीला विचारलं, मिट रॉम्नी नावाचा एक माणूस आपली तयारी झाली आहे का असं विचारतोय, झाली आहे ना? गर्दीने जो होकार दिला, त्यात आदल्या आठवड्यापर्यंत कुरकुरणारे किती असतील याचा अंदाज तुम्हीच बांधा.

२७ जुलैचा, चित्रपट दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी बसवलेला उद्घाटन सोहळा मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. सत्तेचं आणि शिस्तीचं भव्य प्रदर्शन त्यांनी टाळलं. मैदानात सरकारी आरोग्यसेवेच्या परिचारिका होत्या, पलंगांवर उड्या मारणारी मुलं होती, कारखान्यांची धुराडी होती, आणि राणीसाहेब जेम्स बाँडबरोबर चक्क एका विनोदात सामील झाल्या होत्या. जो समाज स्वतःवर हसण्यात धन्यता मानतो, त्याला सोहळासुद्धा स्वतःवर हसताना दिसला. शंकेखोर माणसाला देशभक्तीची अडचण नसते, पोकळ गांभीर्याची असते. ते काढून टाकलं की तो बराच सैल होतो.

यापेक्षाही मोठं काम केलं सत्तर हजार स्वयंसेवकांनी. सात वर्षं ‘आयोजक’ म्हणजे पत्रकार परिषदेत आकडे सांगणारे सूटबूटवाले होते. आता आयोजक म्हणजे जांभळ्या-लाल कपड्यांत, हातात भोंगा घेऊन रस्ता दाखवणारी शेजारची निवृत्त शिक्षिका. ती फुकट राबते आहे, तिला राग-लोभ नाही, आणि ती विनोद करते आहे. तिच्यावर कसा चिडणार? भुयारी रेल्वेत अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागली हे तर त्या दिवसांतलं मोठं आश्चर्यच मानलं गेलं.

पहिल्या काही दिवसांत पदाधिकारी आणि प्रायोजकांसाठी राखलेल्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. या गदारोळाकडे नीट बघा. आधीची तक्रार होती, ‘हे हवंय कशाला?’ आताची तक्रार होती, ‘आम्हाला तिकीट का नाही?’ शंकेखोर विरघळला हे ओळखायची याहून पक्की खूण मला माहीत नाही. तो तक्रार करायचं सोडत नाहीच, फक्त आतल्या बाजूने करू लागतो.

४ ऑगस्टच्या शनिवारी ब्रिटनला सहा सुवर्णपदकं मिळाली, त्यातली तीन ऑलिंपिक स्टेडियममध्ये तासाभराच्या आत : जेसिका एनिस, ग्रेग रदरफर्ड, मो फराह. सोमालियात जन्मलेला फराह शेवटची फेरी पळत असताना स्टेडियममध्ये जो आवाज उठला तो ऐकून कुणाचंही हिशेबाचं पुस्तक मिटलं असतं. पण ‘जिंकले म्हणून आवडलं’ हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि त्याचा पुरावा दक्षिण आफ्रिकेत आहे.

२०१०च्या विश्वचषकाआधी दक्षिण आफ्रिकेबद्दल परदेशी माध्यमांत सतत एकच सूर होता : स्टेडियमं वेळेत होणार नाहीत, गुन्हेगारी आवरणार नाही, स्पर्धा दुसरीकडे हलवावी लागेल. देशातही शंका होत्या आणि त्यांना वर्णभेदाच्या इतिहासाची किनार होती. फुटबॉल हा तिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा खेळ, रग्बी गोऱ्यांचा. गोऱ्या वस्त्यांत अनेकांना हा विश्वचषक ‘त्यांचा’ वाटत होता. आणि मग एक योगायोग घडला. प्रिटोरियाचं लॉफ्टस व्हर्सफेल्ड मैदान विश्वचषकासाठी ताब्यात गेल्यामुळे तिथल्या बुल्स या रग्बी संघाला मे महिन्यात सुपर १४ स्पर्धेचा उपांत्य आणि अंतिम सामना जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या ऑर्लँडो स्टेडियममध्ये खेळावा लागला. ज्या सोवेटोत आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथे हजारो गोरे आफ्रिकान्सभाषक चाहते निळे शर्ट घालून गेले. तिथल्या गुत्त्यांत बसून बिअर प्यायले, वुवुझेला नावाचे भोंगे फुंकले. बुल्सनी अंतिम सामनाही जिंकला. विश्वचषक सुरू व्हायला तेव्हा दोन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

११ जूनला सिफिवे त्शाबालालाने मेक्सिकोविरुद्ध स्पर्धेतला पहिला गोल केला आणि देश नाचला. पुढे काय झालं? दक्षिण आफ्रिका पहिल्याच फेरीत बाहेर पडली, यजमानावर अशी वेळ येण्याची ती विश्वचषकाच्या इतिहासातली पहिलीच खेप. नियमाने उत्साह तिथेच विझायला हवा होता. उलट लोकांनी घानाला दत्तक घेतलं. आपल्या संघाचं लाडकं नाव ‘बाफाना बाफाना’, म्हणून घाना झाला ‘बाघाना बाघाना’. २ जुलैला उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला आणि घाना हरला, तेव्हा त्या देशात आपलाच संघ हरल्यासारखी हळहळ झाली. इथे पदक नव्हतं, विजय नव्हता. जे होतं ते म्हणजे ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणणाऱ्या जगासमोर ते जमवून दाखवल्याचं समाधान, आणि महिनाभर एकमेकांना न घाबरता रस्त्यावर फिरण्याची चव.

अर्थात नंतर केपटाऊनच्या भव्य स्टेडियमच्या देखभालीचा प्रश्न उभा राहिलाच. आधी शंका काढणारे त्या बाबतीत बरोबर होते.

हे सगळीकडे घडतं असंही नाही. ब्राझीलसारखा फुटबॉलवेडा देश घ्या. जून २०१३ मध्ये बसभाड्याच्या वाढीवरून सुरू झालेली निदर्शनं २०१४च्या विश्वचषकासाठीच्या स्टेडियमच्या खर्चापर्यंत पोहोचली, आणि ‘आम्हाला फिफाच्या दर्जाची रुग्णालयं आणि शाळा द्या’ अशा पाट्या झळकल्या. वर्षभराने स्पर्धा सुरू झाली तेव्हा मोर्चे रोडावले, लोक सामने बघत होते, पण उद्घाटनाच्या सामन्यात प्रेक्षकांनी राष्ट्राध्यक्षा दिल्मा रूसेफ यांची हुर्यो उडवली. खेळावर प्रेम आणि आयोजकांवर राग, दोन्ही एकाच खुर्चीत बसून. (नंतर जर्मनीकडून झालेला ७-१ पराभव हे वेगळंच दुःख, त्यात मी पडत नाही.)

आणखी एक गट कधीच विरघळत नाही, आणि त्याने का विरघळावं हेही मला कळत नाही. लंडनचं ऑलिंपिक पार्क उभारण्यासाठी क्लेज लेन ही सहकारी वसाहत पाडली गेली, तिथल्या चारशेवर रहिवाशांना घरं सोडावी लागली. त्यांच्यासमोरचा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशीही बदललेला नव्हता. ‘शेवटी सगळ्यांना आवडलं’ असं कुणी म्हणालं की त्या ‘सगळ्यां’मध्ये कोण नाही हे आधी बघावं.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग : हे टिकतं का? इथे जर्मनी उपयोगी पडते. २००६च्या मार्चमध्ये जर्मनीचा संघ इटलीकडून ४-१ असा हरला होता आणि कॅलिफोर्नियात राहणारे प्रशिक्षक क्लिन्समन यांच्यावर टीकेची झोड उठली होती. जूनमध्ये जर्मनीतच विश्वचषक सुरू झाला आणि महायुद्धानंतर राष्ट्रध्वज मिरवायला बिचकणारा देश गाड्यांवर, गॅलऱ्यांत, गालांवर काळा-लाल-सोनेरी रंग लावून फिरू लागला. संघ तिसरा आला तरी त्या महिन्याला ‘उन्हाळ्यातली परीकथा’ हेच नाव पडलं.

मग या अनुभवाने जर्मन लोक अशा आयोजनांवर कायमचे लुब्ध झाले असतील? नोव्हेंबर २०१३ मध्ये २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बोली लावावी का, यावर म्युनिक आणि आसपासच्या तीन ठिकाणी मतदान झालं. चारही ठिकाणी लोकांनी ‘नको’ म्हटलं. २०१५ मध्ये २०२४च्या ऑलिंपिकसाठी हॅम्बर्गच्या मतदारांनी ५१.६ टक्क्यांनी नकार दिला. त्याच वर्षी २००६च्या विश्वचषकाभोवतीच्या संशयास्पद पैशाच्या व्यवहाराची प्रकरणंही बाहेर आली होती. परीकथा आवडलेलीच माणसं पुढचं बिल समोर आल्यावर पुन्हा तीच जुनी गणितं मांडत होती.

म्हणून मी झिंग म्हणायला तयार नाही. झिंगलेला माणूस दुसऱ्यांदाही सही करून मोकळा होतो. आणि गणित वेगळं आलं तर हेच लोक उत्तरही वेगळं देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्युनिकमध्ये उन्हाळी ऑलिंपिकच्या बोलीवर पुन्हा मतदान झालं, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश मतं बाजूने पडली. या वेळच्या प्रस्तावात १९७२चं ऑलिंपिक पार्क आणि शहरात आधीपासून असलेल्या जागा वापरण्यावर भर होता.

तुमच्या ओळखीतला एखादा विरोधक असाच टाळ्या वाजवताना सापडला, तर ‘बघ, शेवटी आवडलंच ना’ म्हणून त्याला खिजवू नका. पुढच्या वेळी बोलीच्या बाजूने मत देशील का, असं विचारा. तो बहुधा आधी खर्चाचा आकडा विचारेल.