निर्वासितांमधल्या आत्महत्या रोखायला त्यांच्याच समाजाचा पुढाकार खरंच उपयोगी पडतो का? डॉक्टर-समुपदेशक असताना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यात का पडावं?

पडतो. मी डॉक्टर नाही, मूळची साताऱ्याची, सध्या ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहते. इथल्या भूतानी-नेपाळी म्हाताऱ्यांना दर शनिवारी गाडीतून नागरिकत्वाच्या वर्गाला नेते. त्या गाडीत जे कानावर पडलं आणि नंतर जे वाचलं, त्यावरून लिहिते.

आधी ही माणसं कोण ते सांगते. दक्षिण भूतानमधले नेपाळी बोलणारे शेतकरी, संत्र्यांच्या आणि वेलदोड्याच्या बागा असलेले. १९९० च्या सुमारास सुमारे एक लाख लोकांना देश सोडावा लागला. मग पूर्व नेपाळातल्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या सात छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत अठरा-वीस वर्षं गेली. २००८ पासून त्यांना मोठ्या संख्येने इतर देशांत नेऊ लागले, त्यातले नव्वद हजारांहून जास्त अमेरिकेत आले. आता सगळं मार्गी लागेल असं वाटत असतानाच फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत इथे १६ जणांनी जीव दिला. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने तपास केला, तेव्हा वर्षाला दर लाखामागे साधारण २० आत्महत्या असं प्रमाण निघालं. तेव्हा सगळ्या अमेरिकेचं मिळून ते १२ च्या आसपास होतं.

तपासात ४२३ जणांशी बोलले. ज्यांच्या मनात मरणाचे विचार येऊन गेले होते त्यांच्यात काही गोष्टी वारंवार दिसल्या: घर चालवणारं आपण नाही ही जाणीव, घरातली भांडणं, आधाराला माणूस नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कर्तेपण गेलं. छावणीत ज्याच्या शब्दाला मान होता, त्या आजोबांना इथे वीजबिल वाचून दाखवायला नातू लागतो.

आता डॉक्टर असताना समाज कशाला, याचं उत्तर एका शब्दात अडकलंय. नेपाळीत 'मन' आणि 'दिमाग' वेगळे. मन दुखलं, मनात 'कुरा खेल्छ' म्हणजे गोष्टी घोळत राहतात, हे कुणालाही सांगता येतं, त्यात लाज नाही. पण 'दिमाग' बिघडला म्हटलं की माणूस वेडा ठरला, घरची इज्जत गेली, मुलीचं लग्न अडलं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. 'मनाला लागलंय' आणि 'डोक्यावर परिणाम झालाय' यांतलं अंतर आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळतं. इंग्रजी बोलणारा समुपदेशक प्रामाणिकपणे विचारतो, दुभाषी त्याचं भाषांतर 'दिमागी रोग' असं करतो आणि समोरचे बाजे (आजोबांना ते असं म्हणतात) 'सगळं ठीक आहे' म्हणून उठतात. त्याच समाजातली एखादी बाई चहा पिता पिता 'झोप लागते का? मनात काय खेळतं?' असं विचारते, तेव्हा अर्धा तास बोलणं होतं. पुढे डॉक्टरकडे न्यायचं कामही तीच करते. म्हणजे डॉक्टर हवाच, पण त्याच्या दारापर्यंत नेणारं कुणीतरी लागतं.

म्हणून इथल्या अनेक शहरांत भूतानी संघटनांच्या कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दिलं गेलं. खुणा ओळखायच्या, आणि 'जीव द्यावासा वाटतो का' हे सरळ विचारायचं. (असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे.) धोका वाटला तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि जीव घ्यायची साधनं हाताशी राहू द्यायची नाहीत.

पण मला विचाराल तर जास्त जीव अशा गोष्टींनी वाचत असावेत, ज्यांवर 'आत्महत्या प्रतिबंध' अशी पाटीच नसते. आमचा शनिवारचा वर्गच घ्या. निर्वासित म्हाताऱ्यांना सरकारकडून मिळणारा एसएसआय हा महिन्याचा भत्ता सात वर्षांत नागरिकत्व मिळालं नाही तर बंद होतो, आणि नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत. कधी शाळेत न गेलेल्या सत्तरीच्या आजीला ते सात वर्षांचं घड्याळ दिवसरात्र ऐकू येतं. मुलाच्या पगारावर आपण ओझं होणार, ही भीती गाडीत बसल्यावर सगळ्यात आधी बाहेर पडते. वर्गातली तरुण पोरं त्यांना राष्ट्राध्यक्षांची नावं घोकून घेतात तेव्हा त्या भीतीवरच औषध चाललेलं असतं. ठिकठिकाणच्या सामायिक बागांचंही तसंच. तिथे बाजे मोहरी आणि मिरच्या लावतात, आणि नातवाला बी कधी टाकायचं हे शिकवणारे पुन्हा तेच असतात.

अडचणी आहेत, लपवत नाही. समाज लहान, सगळे एकमेकांचे सोयरे. आज सांगितलेलं उद्या देवळात पोचेल या भीतीने काही जण मुद्दाम परक्या डॉक्टरकडे जातात, आणि त्यांचं बरोबर आहे, तीही सोय हवी. लहान मुलांना दुभाषी करणं तर मला पाहवत नाही. बारा वर्षांच्या पोरीने आईच्या मरणाच्या विचारांचं भाषांतर का करावं? कार्यकर्तेही थकतात. रात्री दोन वाजता फोन त्यांनाच येतो, पगार मात्र नसतो. त्यात २०२५ मध्ये काही भूतानी निर्वासितांना अमेरिकेने परत भूतानला पाठवलं आणि भूतानने त्यांना सीमेबाहेर काढलं. तेव्हापासून अनोळखी माणसाने दार वाजवलं तर उघडतच नाहीत.

हे फक्त परदेशात चालतं असं वाटत असेल, तर आपल्या अमरावती जिल्ह्यातला 'विश्राम' उपक्रम बघा. ३० गावांत गावातलेच प्रशिक्षित लोक घरोघर गेले. दीड वर्षात, मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं.

आणि हा प्रश्न अभ्यासासाठी नसून ओळखीच्या कुणासाठी, किंवा स्वतःसाठी विचारला असेल, तर भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं. अमेरिकेत ९८८, तिथे दुभाषी मागता येतो.