उपास नको, फोटो काढ

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. महिनाभर उपाशी राहायचं, रोज फोटो काढायचा आणि शेवटी 'सुंदर' झालेलं शरीर प्रदर्शनात मांडायचं. सुंदर दिसण्याच्या सक्तीवरचा तुझा राग खरा आहे, विषयही तुझाच आहे. पण उपास मी करू देणार नाही.

एलिनॉर अँटिन या अमेरिकन कलावतीनं 1972 साली हे करून ठेवलंय. कामाचं नाव 'कार्व्हिंग: अ ट्रॅडिशनल स्कल्प्चर'. पाच आठवडे तिनं डाएट केलं आणि रोज विवस्त्र उभं राहून चारही बाजूंनी फोटो काढले. 148 कृष्णधवल फोटो भिंतीवर मांडलेत, एक उभी ओळ म्हणजे एक दिवस. शिल्पकार दगडाभोवती फिरत थोडं थोडं तासतो ना, तसं. चेहऱ्यावर ना दुःख, ना अभिनय. दवाखान्यातल्या फोटोंसारखं सगळं कोरडं. तिची भूक त्यात कुठेच दिसत नाही. दिसतं ते वेगळंच: आपण पहिला दिवस आणि शेवटचा दिवस ताडून बघू लागतो, कंबर कुठे कमी झाली ते शोधतो. परीक्षक आपण होतो. कामाची सगळी ताकद तिथे आहे, आणि तुला हवंय तेही तेच.

फ्रान्सच्या ओर्लान या कलावतीनं 1990 ते 1993 मध्ये कलाकृती म्हणूनच स्वतःवर नऊ शस्त्रक्रिया करून घेतल्या, गालांसाठीचे इम्प्लांट कपाळावर बसवून घेतले. धाडस मोठंच. तू त्या वाटेला जाऊ नकोस. उलट आपल्याकडच्या कलावती पुष्पमाला एन. रविवर्म्याच्या चित्रातल्या लक्ष्मीचं रूप घेऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. रंग, साडी, मागचा पडदा, सगळं नंतर उतरवता येण्यासारखं. तरीही घरोघरी भिंतीवर टांगलेलं ते गोरंगोमटं देखणेपण कसं रचलं जातं, हे लख्ख दिसतं.

मग तू काय करशील? गावातल्या चार-पाच फोटो स्टुडिओंत जा. एकच साडी, एकच केशरचना, तीच टिकली. म्हण, "स्थळासाठी फोटो हवाय." दुसरं काही सांगू नकोस. रंग किती उजळला, नाक कुठे बारीक केलं, गालावरचा तीळ ठेवला की पुसला, हे ज्याचं त्याला ठरवू दे. मूळ फाइलही मागून घे. प्रदर्शनात लावण्याआधी मात्र प्रत्येकाला खरं सांगून परवानगी घे. दुकानांची नावं लावू नकोस, ती माणसं गिऱ्हाईक मागतं तेच देतात.

सगळे प्रिंट एकाच मापाचे काढ, डोळे एका रेषेत येतील असे लाव. खाली कवितेची ओळ नको. पहिले प्रिंट आले की घेऊन ये, जेवायलाच ये.