हिरवी रेघ आणि उरलेले चार हप्ते

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी बारा हप्त्यांवर फोन घेतला. महिनाभरापासून स्क्रीनवर उभी हिरवी रेघ दिसते, परवा तिच्याशेजारी गुलाबीही उमटली. फोन कधी पडलेला नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं, तीन आठवडे लागतील, कदाचित रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त केलेला फोन मिळेल. ओळखीचा दुरुस्तीवाला एका दिवसात डिस्प्ले बदलून देतो, पण किमतीच्या एक तृतीयांश पैसे मागतो. मित्र म्हणतात, एक्स्चेंजमध्ये देऊन टाक. काय करू?

उत्तर: आधी दुरुस्तीवाल्याचा आकडा बघा. एक तृतीयांश म्हणजे तुमचे चार हप्ते. तुमचे उरलेलेही चारच आहेत. म्हणजे ते चार हप्ते तुम्ही दोनदा भरणार, एकदा कर्ज देणाऱ्याला आणि एकदा दुरुस्तीवाल्याला. वॉरंटीचे पैसे फोनच्या किमतीत आधीच गेलेत. ती एक वर्षाची असेल तर तिचेही चार महिने शिल्लक आहेत. शिवाय बाहेर फोन उघडला की पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटर हात वर करायला मोकळं. मी स्वतः घाईत एकदा हेच केलं. नवा डिस्प्ले छान होता, पण दोन महिन्यांनी चार्जिंग बंद पडलं तेव्हा ‘बाहेर उघडलाय’ एवढं ऐकून परत आलो.

एक्स्चेंजचा हिशेब याहून वाईट. रेघ असलेल्या फोनला ‘डिस्प्ले खराब’ म्हणून जो भाव देतात, तो ऐकवत नाही. जुने हप्ते संपलेले नसतात आणि वर नव्या फोनचे सुरू होतात. विकायचाच असेल तर स्क्रीन बदलून मिळाल्यावर विका.

तेव्हा वॉरंटी. पण ती नीट वसूल करायची तर थोडी तयारी हवी. फोनवर स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या फोनवर उघडून पाहा. त्यात रेघ नसेल तर दोष डिस्प्लेच्या बाजूचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. मग ‘रिसेट करून बघा’ यावर आठवडा घालवायचं कारण नाही. रेघेचा फोटो आणि छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण अशा रेघा कधी कधी नेमक्या काउंटरवर गायब होतात. एखाद-दुसरा मेलेला पिक्सेल असता तर ‘इतके चालतात’ असं ऐकावं लागलं असतं, पण अख्ख्या उभ्या रेघेला ते लागू नाही.

खरी मेख जॉबशीटमध्ये, म्हणजे तक्रार नोंदवून घेतल्याच्या कागदात आहे. काउंटरवरचा माणूस घाईत ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ एवढंच टाइप करतो. तिथेच थांबवा. ‘उभी हिरवी आणि गुलाबी रेघ, काच अखंड, कडेला ठोकर नाही’ असं लिहून घ्या, स्क्रीन गार्ड काढून चारही कडा त्याला दाखवा आणि मग सही करा. हे नोंदलं नाही, तर दहा दिवसांनी ‘फिजिकल डॅमेज’चा फोन येतो आणि तेव्हा फोन त्यांच्याकडे असतो. तारीख, बिल आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक जुळतोय का, तेही बघा. वॉरंटी संपायच्या आत तक्रार नोंदलेली असणं महत्त्वाचं, दुरुस्ती नंतर झाली तरी. म्हणून ‘पार्ट आल्यावर कळवतो, तेव्हा या’ म्हणाले तरी जॉबशीटशिवाय बाहेर पडू नका.

रिफर्बिश्ड फोनला सरसकट नाही म्हणू नका. तुमचाही फोन आठ महिने वापरलेलाच आहे. फक्त दोन गोष्टी लेखी विचारा: त्यावर वॉरंटी किती, आणि बॅटरी नवी का. बॅटरी जुनी असेल तर मी तुमच्याच फोनला नवं पॅनेल मागेन.

फोन देण्याआधी बॅकअप घ्या, स्क्रीन लॉक आणि खातं काढून डेटा पुसा. बँकेचे ओटीपी ज्या सिमवर येतात ते काढून घ्या. तीन आठवडे घरातला जुना फोन चालवा. कामच फोनवर चालत असेल आणि जुना नसेल, तर साधासा वापरलेला फोन घेऊन नंतर विकला तरी चार हप्त्यांच्या जवळपासही खर्च जाणार नाही. हप्ते मात्र चुकवू नका. फोन बिघडला म्हणून कर्ज थांबत नाही, आणि ‘आधी फोन नीट करा, मग पैसे’ हा राग तुमच्या क्रेडिट स्कोअरवर निघतो.

दुरुस्तीवाल्याकडे जायचं ते फक्त क्लेम लेखी नाकारला आणि वरच्या तक्रार विभागानेही तेच सांगितलं तर. तोपर्यंत त्याचा आकडा लक्षात ठेवा, घासाघीस करायला उपयोगी पडेल.