ऑगस्टात किनाऱ्याला दाटणारी मासळी : आठ वाव की पंचवीस वाव?

प्रश्न (दापोली तालुक्यातील एक नाखवा, म्हणजे बोटमालक) : पावसाळी मासेमारी बंदी उठली की ऑगस्ट-सप्टेंबरात आठ-दहा वावांतच (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट खोली) ढीगभर मासळी लागते. मग डिझेल जाळून पंचवीस वावांवर कशाला जायचं? आणि एवढी मासळी असताना बंधनं कशासाठी?

उत्तर : दादा, डिझेलचं गणित खरं आहे. पण ती मासळी वाढलेली नसते, दाटलेली असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर अरबी समुद्रातलं खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी तळालगत किनाऱ्याकडे सरकतं. त्यात माशाचा जीव गुदमरतो, म्हणून खोलात पसरलेली मासळी पळून उथळात येते. तुम्हाला लागतो तो पुढच्या कित्येक महिन्यांचा साठा, एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंडलेला.

शिवाय उथळ पाणी हे पिल्लांचं घर. सोलट कोलंबी अंडी घालते समुद्रात, तिची पिल्लं वाढतात खाडीत, आणि मोठी होऊन पुन्हा बाहेर पडतात. राणी माशाचंही तसंच, लहान उथळात, मोठा खोलात. वाव वाढतात तसं माशाचं वय वाढतं. १९८१ च्या राज्य सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली यांत्रिक ट्रॉलला (बोटीमागे ओढायच्या जाळ्याला) जागेनुसार ५ किंवा १० वावांच्या आत मनाई आहे. ती छोट्या होडीवाल्यांसाठी जितकी, तितकीच या पिल्लांसाठी.

परवा हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावात एका टोपलीत हात घातला. वर बांगडा, खाली पापलेटची पिल्लं. तळहातावर दोन मावली. पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरलेली आहे; ही नव्वदच्याही आत होती. गेली कुटीच्या, म्हणजे खत-खाद्यासाठी वाळवायच्या बारीक मासळीच्या, भावात. फार वाईट वाटलं.

तेव्हा ट्रॉल असेल तर दहा वावांच्या आत ओढूच नका, आणि जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस (जाळ्याचं भोक) लावा. चौकोनी आस ताणला तरी मिटत नाही, पिल्लू निसटतं. पहिल्याच ओढीत बारीक माल जास्त दिसला, तर दुसरी ओढ तिथे नको. जाळं उचलून चार-पाच वाव पुढे जा. डोलवाल्यांनी (प्रवाहात रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं लावणाऱ्यांनी) खोल्याचा, म्हणजे शेवटच्या पिशवीचा, आस बारीक करू नये. गिलनेटवाल्यांना (पाण्यात भिंतीसारखं उभं जाळं लावणाऱ्यांना) एवढंच, की मोठ्या आसाचं जाळं लावा.

तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) एक वही द्या. प्रत्येक ओढीला वाव, मासा आणि अंदाजे लांबी, एवढं पुरे. दोन महिन्यांनी ती घेऊन या, तुमच्या पट्ट्यात कुठल्या वावापासून पिल्लं कमी होतात ते सोबत बसून काढू.