सेनापतीला मित्र असावेत का?

प्रिय लेकी,

तू विचारलंस की लष्करात कमिशन मिळून अधिकारी झाल्यावर सोबतच्या अधिकाऱ्यांशी मैत्री ठेवायची की चार हात लांबच राहायचं, कारण मैत्रीने हुकूम ढिला पडतो असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. मला नाही पटत ते. तू अमेरिकन क्रांतियुद्ध वाचतेयस ना, मग लढायांचे नकाशे जरा बाजूला ठेव आणि अमेरिकन फौजेचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याचा पत्रव्यवहार काढ, कोण कोणाला काय लिहितंय आणि मुख्य म्हणजे कोणापासून काय लपवतंय ते बघ.

1776 चा नोव्हेंबर घे. न्यूयॉर्कचा फोर्ट वॉशिंग्टन पडला आणि 2,800 च्या आसपास माणसं ब्रिटिशांच्या हाती लागली. किल्ला सोडू नये हा सल्ला त्याच्या हाताखालचा जनरल नॅथॅनेल ग्रीन याचा, आणि वॉशिंग्टन स्वतः हो-नाही करत राहिला, म्हणजे खरं तर दोष दोघांचाही. आता जोसेफ रीड बघ, वॉशिंग्टनच्या अगदी आतल्या गोटातला, आधी त्याचा सेक्रेटरी आणि तेव्हा फौजेच्या कारभाराचा प्रमुख, म्हणजे अ‍ॅडजुटंट जनरल, तर या बाबाने काय केलं, गुपचूप चार्ल्स ली नावाच्या दुसऱ्या जनरलला पत्र लिहिलं, त्यात लीची तोंडभर स्तुती आणि आपल्या सेनापतीला निर्णय घेता येत नाही अशी तक्रार. लीचं उत्तर आलं तेव्हा रीड छावणीत नव्हता, वॉशिंग्टनला वाटलं कामाचंच पत्र असेल म्हणून त्याने फोडलं. आणि वाचलं!

मग त्याने काय केलं माहितीये? ते पत्र रीडकडे पाठवून दिलं, सोबत चिठ्ठी, की खाजगी आहे याची कल्पना नव्हती, चुकून उघडलं, माफ कर. रागाचा एक शब्द नाही. मला विचारशील तर थप्पड याहून सौम्य असती. पुढे 1777 च्या जूनमध्ये विषय निघाला तेव्हा मात्र त्याने सरळ लिहिलं की तुझं माझ्याबद्दल जे मत होतं त्याचं मला वाईट वाटलं नाही, तू ते मला लगेच सांगितलं नाहीस याचं वाटलं. संबंध तोडले नाहीत त्याने, पण मित्र निवडताना तू हीच गोष्ट तपासून बघ, टीका करतो का ते नाही, कोणाकडे जाऊन करतो ते.

ग्रीन याच्या बरोब्बर उलट. एवढा मोठा सल्ला चुकलेला, तरी वॉशिंग्टनने त्याला बाजूला टाकलं नाही, आणि 1778 मध्ये तर क्वार्टरमास्टर जनरल केलं, म्हणजे गाड्या, घोडे, तंबू, दाणावैरण. ग्रीनला ते काम मुळीच नको होतं, लढणारा गडी तो, त्याने कुरकुर केली की इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कधी कुणी ऐकलंय का. पण ही कुरकुर त्याने वॉशिंग्टनलाच लिहून कळवली, आणि काम चोख केलं.

लाफायेतबद्दल फार लिहीत नाही, 19 वर्षांचा फ्रेंच पोरगा आणि सेनापती यांची माया सगळ्यांना माहीत असते.

आता तू म्हणशील, मग वॉशिंग्टनच्याच दुसऱ्या जनरलचं, बेनेडिक्ट अर्नॉल्डचं काय? बरोबर आहे, इथे माझा नियम तोकडा पडतो, कारण अर्नॉल्ड तर आपली गाऱ्हाणी वॉशिंग्टनकडे मांडतच होता, आणि तरी वेस्ट पॉइंटचा किल्ला त्याच्या हाती दिल्यावर तो ते ब्रिटिशांना विकायला निघाला. 25 सप्टेंबर 1780 ला तो पळाला. कुठलीही कसोटी लावलीस तरी असा एखादा निसटतोच बघ.

पण त्यानंतरचं बघ. तीन आठवडेही झाले नव्हते. दक्षिणेत कॅम्डनच्या लढाईत अमेरिकन जनरल गेट्सचा धुव्वा उडालेला, तिथला सेनापती आतापर्यंत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकनांच्या प्रतिनिधी सभेने, आपल्या मनाने नेमला होता, या वेळी तिने निवड वॉशिंग्टनवर सोडली आणि त्याने ग्रीनचं नाव दिलं. सोबतच्या आदेशात त्याने चक्क लिहिलं की तिकडची शत्रूची ताकद मला माहीत नाही, आपलीही नाही, त्यामुळे खास सूचना काही देत नाही, तू तुझ्या बुद्धीने चाल. नुकताच एवढा दगा खाल्लेला माणूस हे लिहितोय! आणि ग्रीनने तिकडे जाऊन काय केलं, तर मुळात तुटपुंजी फौज तिचे दोन भाग केले, जे कुठलाही शहाणा माणूस करू नको म्हणेल, एक भाग हाताखालच्या डॅनियल मॉर्गनकडे दिला, आणि मॉर्गनने 17 जानेवारी 1781 ला काउपेन्सला ब्रिटिश अधिकारी टार्ल्टनला झोडपला. दोन महिन्यांनी गिलफर्ड कोर्टहाउसला ग्रीन मैदान सोडून मागे हटला, पण ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसची जवळपास चौथाई फौज कामी आली किंवा जखमी झाली, तो किनाऱ्याकडे गेला, तिथून व्हर्जिनियात आणि शेवटी यॉर्कटाउनला अडकला. प्रत्येक चालीला वर विचारत बसला असता तर पत्रं पोचेपर्यंत फौजच उरली नसती.

ही सगळी पत्रं ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. रीडला लिहिलेलं 11 जून 1777 चं आधी वाच, मग ग्रीनला दिलेला 22 ऑक्टोबर 1780 चा आदेश, आणि ते झाल्यावर ग्रीनची क्वार्टरमास्टरवाली कुरकुर, ती मोठी मजेशीर आहे.

तुझा,
काका