घाट उतरताना ब्रेक जपून

भावा, बाईकवरच्या पहिल्याच लांबच्या फेरीला कोकण निवडलंस, छान. पण महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा, क्लच सोडलेला, वेग इंजिनालाच रोखू दे. ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती) फार तापली की ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबला तरी ब्रेक लागत नाही. जुन्या ऑइलचं हे लवकर होतं, कारण ते हवेतली ओल शोषतं. गाडी कमी चालली तरी साधारण २ वर्षांनी बदलच. लिव्हर मऊ लागला तर थांब, डिस्क आपोआप निवू दे, पाणी ओतू नकोस. लांबच्या फेरीत पाठ दुखली तर लगेच सीट बदलू नकोस. तासा-दीड तासाने उतरून थोडं चाल. निघण्याआधी ब्रेक पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे) झिजलेत का, ते मात्र स्वतः वाकून बघ.